भंडारा जिल्ह्यातील अदृश्य करभार : एक ऐतिहासिक अभ्यास (१८१८ ते २०२५)

प्रस्तावना

'काळी' आणि 'पांढरी' हे मराठी ग्रामव्यवस्थेतील दोन जुने शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, अर्थात लोकवस्तीची जागा. राज्यसत्तेने रयतेकडून जे घेतले, त्याचीही ढोबळ विभागणी याच दोन शब्दांनी करता येते. काळीवर शेतसारा होता, पांढरीवर पट्ट्या होत्या. परंतु या दोहोंशिवाय कराचा एक तिसरा प्रकार नेहमीच अस्तित्वात राहिला. तो जमिनीवर नव्हता, घरावर नव्हता; तो बाजारातून आणलेल्या वस्तूच्या किमतीत मिसळलेला होता. हा कर भरणाऱ्याला पावती मिळत नाही, त्याचे नाव कोणत्याही वहीत चढत नाही आणि बहुतेक वेळा आपण कर भरला याची त्याला जाणीवही होत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमाबंदीचे अहवाल, मालगुजारीची कागदपत्रे आणि १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर या साधनांच्या आधारे झाले आहे. या साधनांत मालगुजार दिसतो, कुळ दिसते, तलाव बांधणारा कोहळी शेतकरी दिसतो. मात्र सालदार, शेतमजूर, ढिवर, कोष्टी व बिडी कामगार करदाते म्हणून दिसत नाहीत. 'गरीब माणूस कर भरत नाही' ही आजही सर्रास ऐकू येणारी समजूत काही अंशी या साधनांच्या मर्यादेतून निर्माण झाली आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

अर्थशास्त्रात कराघात आणि करभार यांत भेद केला जातो. शासनाच्या तिजोरीत प्रत्यक्ष भरणा करणाऱ्यावर कराघात होतो. अखेरीस ज्याच्या खिशातून रक्कम जाते त्याच्यावर करभार पडतो. कराघाताकडून करभाराकडे होणाऱ्या प्रवासास करसंक्रमण म्हणतात. अदृश्य कराचा इतिहास हा मुख्यतः करसंक्रमणाचा इतिहास होय.

अभ्यासाची भौगोलिक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण होईपर्यंत आणि पुढे १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्याचा विस्तार आजच्यापेक्षा मोठा होता. त्यामुळे जुन्या काळाविषयीची विधाने त्या त्या वेळच्या जिल्ह्यास लागू आहेत.

भोसलेकालीन व्यवस्था : पांढरीपट्टी आणि सायर

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेतसाऱ्याखेरीज जे कर होते, त्यांत पांढरीपट्टी महत्त्वाची होती. शेती न करणाऱ्या लोकांवर, म्हणजे व्यापारी, विणकर व कारागीर यांच्यावर ती आकारली जाई. याशिवाय मालाच्या वाहतुकीवर व विक्रीवर 'सायर' या नावाने ओळखली जाणारी जकात होती. १८१८ नंतर रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटच्या देखरेखीखाली नागपूर राज्याचा कारभार चालला. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विस्तृत अहवालात या राज्यातील करव्यवस्थेची नोंद आढळते.

पांढरीपट्टी आणि सायर यांतील फरक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहे. पवनीच्या किंवा मोहाडीच्या विणकराला पांढरीपट्टी ही आपल्याकडून घेतली जाते हे ठाऊक होते. ती जास्त वाटली तर तक्रार करता येई किंवा सूट मागता येई. सायर मात्र व्यापारी भरी आणि मालाच्या किमतीत मिळवी. सूत विकत घेणाऱ्या विणकराने आणि लुगडे विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने त्याचा वाटा उचलला, तरी सरकारच्या दृष्टीने करदाता व्यापारीच राहिला.

तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. ब्रिटिश प्रशासनाने पांढरीपट्टी लगेच मोडीत काढली नाही. १८६७ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचे रूप दिले. पुढे १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने वार्षिक ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्यांना करमुक्त ठेवले. १९०३ मध्ये ही मर्यादा १,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पांढरीपट्टीही इतिहासजमा झाली. म्हणजे बिगरशेती उत्पन्नावरील प्रत्यक्ष करातून लहान कारागीर आणि किरकोळ दुकानदार हळूहळू मुक्त झाले. वरवर पाहता ही करसवलत होती. परंतु त्याच कारागिराच्या चुलीपर्यंत पोहोचलेला दुसरा कर या काळात कायम होता. तो म्हणजे मिठावरील कर.

मिठावरील कर : घराघरांतील वसुली

भंडारा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. येथे मीठ बाहेरूनच येई. पूर्वी बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेने. मीठ पिकत नाही आणि मिठावाचून जगता येत नाही, या दोन गोष्टींमुळे मिठाचा कर चुकविणे येथील माणसाला अशक्य होते. प्रांताप्रांतांतील दर वेगवेगळे असल्याने करमुक्त किंवा कमी कराचे मीठ रोखण्यासाठी ब्रिटिशांनी सिंधू नदीपासून मध्य प्रांतातून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात-सीमा उभारली होती. काटेरी झाडांचे कुंपण, दगडी भिंती व खंदक यांनी ती बनलेली होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० कर्मचारी नेमलेले होते. १८७९ मध्ये ही सीमा मोडण्यात आली. यामुळे कर नाहीसा झाला नाही. तो उत्पादनाच्या ठिकाणीच वसूल होऊ लागला. कुंपण दिसत होते तोवर कर दिसत होता. कुंपण गेल्यावर तो केवळ किमतीत उरला.

१८८२ मध्ये हा कर मणास २ रुपये होता. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला आणि १९०३ पर्यंत तसाच राहिला. याच कालखंडात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. १८९१ ते १९०१ या दशकात भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या घटली.

या कराचे ओझे समजण्यासाठी एक गणित मांडता येईल. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी वर्षाला सहा शेर मीठ लागते असे गृहीत धरल्यास वर्षाची गरज तीस शेर, म्हणजे पाऊण मण होते. अडीच रुपये दराने त्यावरील कर १ रुपया १४ आणे, म्हणजे ३० आणे झाला. शेतमजुराची मजुरी रोजची दोन आणे धरली, तर केवळ मिठाच्या करापोटी त्याचे वर्षाचे पंधरा दिवसांचे श्रम खर्ची पडत. तेवढ्याच माणसांच्या मालगुजाराच्या कुटुंबासही तेवढेच मीठ लागे आणि तोही ३० आणेच भरी. मजुराचे पंधरा दिवस आणि मालगुजाराची किरकोळ रक्कम यांत हिशेबाच्या वहीत काहीही फरक नव्हता.

हा कर पुढे कमी झाला, हेही नमूद केले पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात सरकारी शिलकीच्या पार्श्वभूमीवर मिठाचा कर घटविण्याची मागणी केली. १९०३ मध्ये दर २ रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. वरील गणितातील कुटुंबाचा कर ३० आण्यांवरून १२ आण्यांवर आला. परंतु १९१६ मध्ये तो पुन्हा १ रुपया ४ आणे झाला. १९२३ मध्ये कायदेमंडळाने नकार दिला असतानाही व्हाइसरॉयने आपल्या विशेषाधिकाराने तो दुप्पट केला आणि पुढच्याच वर्षी लोकक्षोभामुळे मागे घेतला.

१९३० च्या सविनय कायदेभंगाने हा अदृश्य कर सर्वांना दृश्य केला. विदर्भात समुद्र नसतानाही अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पुढे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला. विदर्भातील आंदोलन मिठाकडून जंगलाकडे वळले, यात एक आर्थिक अर्थ सामावलेला आहे. गवत, जळाऊ लाकूड आणि चराई यांवरील आकारणी ही जंगलालगतच्या माणसाला मिठाइतकीच अटळ होती. भंडाऱ्यासारख्या वनबहुल जिल्ह्याच्या संदर्भात ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

नगरपालिका आणि जकात

भंडारा नगरपालिकेची स्थापना १८६७ मध्ये झाली. मध्य प्रांतातील अनेक नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग शहरात येणाऱ्या मालावरील जकातीचा होता. जकातीचा कराघात गाडीवानावर किंवा व्यापाऱ्यावर होई. करभार मात्र गिऱ्हाइकावर पडे आणि बाजार पडता असेल तर माल आणणाऱ्या शेतकऱ्यावर पडे. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्यावरील अशा लहानमोठ्या पट्ट्या व जकातींकडे लक्ष वेधले होते. त्यांचे निरीक्षण पश्चिम महाराष्ट्रातील असले, तरी आठवडी बाजारास धान, भाजी व सरपण आणणाऱ्या वैनगंगाकाठच्या शेतकऱ्यासही ते लागू पडते. शेतकऱ्यास शहरात मतदानाचा अधिकार नव्हता, दिवाबत्तीचा वा नळाचा लाभ नव्हता; तरीही शहराच्या खर्चात त्याचा वाटा होता. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये बंद झाली.

विक्रीकराचा उदय : १९३८ व १९४७

मध्य प्रांताने भारताच्या करइतिहासात एक महत्त्वाचे पाऊल टाकले, याची फारशी दखल घेतली जात नाही. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. दारूबंदीच्या धोरणामुळे अबकारी उत्पन्न घटणार होते. या पार्श्वभूमीवर १९३८ मध्ये मोटार इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसविण्यात आला. विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांताचा की उत्पादनशुल्काच्या नावाने केंद्राचा, असा प्रश्न उपस्थित होऊन तो नव्याने स्थापन झालेल्या संघ न्यायालयाकडे गेला. सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या पीठाने डिसेंबर १९३८ मध्ये प्रांताचा अधिकार मान्य केला.

या वादात एका बाजूस केंद्र आणि दुसऱ्या बाजूस प्रांत होता. किमतीतून अखेरीस कर देणारा ग्राहक या खटल्यात पक्षकार नव्हता. कर कोणी घ्यावा हा प्रश्न न्यायालयात गेला. तो कोणी सोसावा हा प्रश्न तेथे पोहोचला नाही. नागपुरात राजधानी असलेल्या प्रांतातून निघालेल्या या निर्णयाने पुढील ऐंशी वर्षांच्या राज्यकरांचा पाया घातला.

१९४७ हे वर्ष या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. याच वर्षी मिठावरील कर रद्द झाला आणि याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा अस्तित्वात आला. एका वस्तूवरील अप्रत्यक्ष कर गेला आणि अनेक वस्तूंवरील अप्रत्यक्ष कर आला. पहिल्याच्या विरोधात राष्ट्रीय आंदोलन झाले होते. दुसऱ्याची जिल्ह्यातील सामान्य ग्राहकाला ओळखही झाली नाही. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, २००५ चा मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर असे त्याचे पुढील टप्पे झाले.

तुलनेसाठी शेतसाऱ्याचे उदाहरण घेता येईल. १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना मालकी हक्क दिले. १९५० च्या कायद्याने आणि १९५१ मधील त्याच्या अंमलबजावणीने मालगुजारी संपली. शेतसारा हा कायम चर्चेचा, अर्जविनंत्यांचा व आंदोलनाचा विषय राहिला आणि आज त्याचे उत्पन्न राज्याच्या एकूण महसुलात किरकोळ आहे. दिसणारा कर आकसला आणि न दिसणारा विस्तारला, असा हा इतिहास आहे.

बिडी आणि तेंदूपान

भंडारा-गोंदिया परिसरातील बिडी उद्योग हा अदृश्य करभाराचा आणखी एक पैलू दाखवितो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय उत्पादनशुल्क बसविण्यात आले. दुसऱ्या वर्षी झालेल्या कायद्याचे नाव 'केंद्रीय उत्पादनशुल्क व मीठ अधिनियम, १९४४' असे होते. मीठ आणि तंबाखू या गरिबाच्या दोन वस्तू एकाच कायद्याच्या छत्राखाली आल्या, ही बाब बोलकी आहे.

बिडी आरोग्यास अपायकारक आहे आणि तिच्यावर कर असण्यास लोकारोग्याचे समर्थन आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि बिडी वळणारी स्त्री आणि बिडी ओढणारा मजूर यांच्याकडून जमा झालेल्या महसुलाचा काही भाग त्यांच्याकडे परत येतो काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानंतर १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण उपकराचा कायदा झाला. या उपकराचे वैशिष्ट्य असे की, त्याची रक्कम बिडी कामगारांचे आरोग्य, घरकुल आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी राखून ठेवलेली होती. वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर हा उपकर संपुष्टात आला. बिडीवर २८ टक्के व तेंदूपानावर १८ टक्के असे दर ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तेंदूपानावरील दर ५ टक्के आणि बिडीवरील दर १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. दर घटले ही स्वागतार्ह बाब होय. परंतु कर आणि कामगार यांना जोडणारा जो धागा उपकराच्या रूपाने कायद्यात होता, तो पुन्हा विणला गेलेला नाही.

व्यवसाय कर : दृश्य कराचे एक उदाहरण

अध्यापकवर्गाच्या परिचयाचा एक कर येथे विचारात घेणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लागू झाला. वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, तिची वार्षिक बेरीज २,५०० रुपये होते. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात ही कमाल मर्यादा असून १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती २५० रुपये होती. शेतीबाहेरील उत्पन्नावरील कर या अर्थाने पांढरीपट्टीशी त्याचे साधर्म्य आहे.

मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. हा कर रोजगार हमी योजनेच्या निधीसाठी बसविण्यात आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. शहरातील पगारदाराच्या करातून खेड्यातील मजुरास काम मिळावे, असा स्पष्ट करार त्यामागे होता. कर किती, कोणाकडून आणि कशासाठी, या तीनही प्रश्नांची उत्तरे सामान्य नागरिकास ठाऊक होती. कर दृश्य असणे म्हणजे केवळ पावती मिळणे नव्हे. त्याचा विनियोगही दिसणे होय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

धानशेती आणि आजचा करभार

भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि शेतकरी विकतो त्या धानावर वस्तू व सेवा कर नाही. यावरून शेतकरी करमुक्त आहे असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर आहे. डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर असले तरी त्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. व्यापारी आपल्या खरेदीवरील कर विक्रीवरील करातून वजा करतो. शेतकऱ्याची विक्री करमुक्त असल्याने त्यास अशी वजावट मिळत नाही. धानाचा भाव तो स्वतः ठरवीत नसल्याने हा भार पुढे सरकविताही येत नाही. म्हणजे करसंक्रमणाची साखळी त्याच्यापाशी येऊन थांबते. त्याच धानाचा तांदूळ गिरणीतून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीत आला, की १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के कर आहे. उत्पादक म्हणून न मिळालेली वजावट आणि ग्राहक म्हणून भरावा लागणारा कर, असा हा दुहेरी भार आहे.

मजुराच्या बाबतीतही हेच दिसते. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के कर आहे. याचा अर्थ दिलेल्या प्रत्येक रुपयातील सुमारे सव्वापंधरा पैसे कराचे असतात. महाविद्यालयीन प्राध्यापक आणि रोजंदारीवरील मजूर यांनी एकच रिचार्ज केल्यास दोघांचा कर सारखाच असतो. उत्पन्नातील त्याचे प्रमाण मात्र भिन्न असते. १८८८ च्या मिठाच्या गणितात मालगुजार आणि मजूर यांच्यात जे नाते दिसले, तेच येथे पुन्हा दिसते. मीठ मात्र आज वस्तू व सेवा करातून पूर्णपणे मुक्त आहे. हा एका ऐतिहासिक संघर्षाचा टिकाऊ परिणाम म्हणता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भंडारा जिल्ह्यातील भूमिहीन व अल्पउत्पन्न वर्ग गेल्या दोनशे वर्षांत कधीही करमुक्त नव्हता. प्रत्यक्ष करांच्या कागदपत्रांत त्याचे नाव नसणे हा साधनांचा स्वभाव आहे, वास्तवाचा पुरावा नाही. दुसरा, पांढरीपट्टी, शेतसारा, प्राप्तिकर यांसारखे दृश्य कर वादविवादातून सौम्य झाले किंवा नाहीसे झाले. अदृश्य कर मात्र रूप बदलून विस्तारत गेले. तिसरा, अदृश्य कर कमी होतो तेव्हा त्यामागे कोणीतरी तो दृश्य केलेला असतो. मिठाच्या बाबतीत हे कार्य गोखल्यांच्या भाषणाने आणि १९३० च्या सत्याग्रहाने केले.

अप्रत्यक्ष कर मुळातच अन्यायकारक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन नाही. रस्ते, शाळा, रुग्णालये यांसाठी महसूल लागतोच. आक्षेप आहे तो करदात्याची ओळख पुसली जाण्यावर. जो कर भरतो त्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो, हे लोकशाहीचे मूलतत्त्व आहे. ज्याला करदाता म्हणून ओळखलेच जात नाही, त्याच्या वाट्याला आलेली शिधावाटपाची पिशवी किंवा घरकुलाचा हप्ता हा उपकार ठरविला जातो. 'आमच्या करांवर जगणारे' असा उल्लेख ज्यांच्याविषयी होतो, त्यांच्या पूर्वजांनी वर्षाचे पंधरा दिवस केवळ मिठाच्या करासाठी राबून काढले असतील, याचा विचार सुशिक्षित वर्गाने करणे आवश्यक आहे.

या दृष्टीने जिल्ह्याच्या इतिहासलेखनास नवी दिशा देता येईल. जमाबंदीच्या अहवालांच्या जोडीने जुन्या किराणा दुकानांच्या खतावण्या, नगरपरिषदांची जकातीची दप्तरे आणि बिडी कामगार स्त्रियांच्या मौखिक आठवणी यांचा अभ्यास झाला पाहिजे. हे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगे आहे. दुकानांच्या खतावण्या दरवर्षी रद्दीत जात आहेत आणि बिडीच्या सुपावर आयुष्य काढलेली पिढी आज वार्धक्यात आहे. या दोन्ही साधनांना फार काळ शिल्लक नाही.